सहा सत्तावीस

१

कॉम्प्युटरचे मेलेले बोर्ड माझ्याकडे रोज येतात. कुणावर पाणी सांडलेलं असतं, कुणी धुळीने गुदमरलेला, कुणी नुसता म्हातारपणाने गेलेला. पण त्या बुधवारी काकूंनी आणलेला बोर्ड मेलेला नव्हता, मारलेला होता. हे मला पाच मिनिटांत कळलं आणि नंतरचे चार दिवस मी म्हणत बसले, कळलं कशाला.

काकू म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. सत्तरीच्या, ताठ पाठीच्या, अख्खा कॅबिनेट चादरीत बांधून रिक्षातून आलेल्या. शिंप्याच्या दुकानावरचा माझा जिना भलेभले धापा टाकत चढतात. या बाई गाठोडं घेऊन चढल्या आणि वर येऊन मलाच विचारलं, बोर्डवाली तूच ना?

मीच. वीस वर्षं हेच करते, म्हणून लोक नाव विसरलेत. माझी जीभ जरा तिखट आहे, पण हात बरा आहे, म्हणून चालतं.

काकूंनी सांगितलं ते असं. हा कॉम्प्युटर त्यांच्या यजमानांचा. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. जायच्या आधी, दुखणं कळल्यावर, त्यांनी एक उद्योग करून ठेवला होता. रोज सकाळी यंत्र आपोआप चालू व्हायचं आणि साडेसहाला त्यांच्या आवाजात बोलायचं. एकच वाक्य, रोज तेच. काकू त्या वाक्याला उठायच्या. चौदा महिने एक दिवस चुकला नाही.

मग चार तारखेला रात्रभर वीज गेली आणि पाच तारखेच्या सकाळी यंत्र उठलंच नाही. मुलगा रविवारी, सात तारखेला, येऊन बघून गेला, म्हणाला माणूस आणावा लागेल. आणि नऊला, म्हणजे कालच, काकू डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्या, बटण दाबलं, तर पंखे फिरले आणि पडदा काळा तो काळाच.

मी विचारलं, मधे कुणी हात लावला?

"कुणीही नाही," काकू म्हणाल्या. "घराला कुलूप होतं."

२

थोडं यंत्राचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोर्डावर आठ पायांची एक बारकी चिप असते. यंत्र जागं होताना सगळ्यात आधी ती वाचतं. मी कोण, माझे हातपाय कुठे, हे त्याला तिथून कळतं. त्या मजकुराला बायोस म्हणतात. तो बदलून नवा लिहिता येतो, पण लिहिणं चालू असताना वीज तुटली की संपलं. अर्धं जुनं, अर्धं नवं, आणि यंत्राला स्वतःचीच ओळख पटत नाही.

मी चिपला चिमटा लावला आणि आतलं सगळं आधी उतरवून घेतलं. जे वाटलं होतं तेच निघालं. लिहिणं साधारण साठ टक्क्यांवर तुटलं होतं. म्हणजे कुलूपबंद घरात कुणीतरी बायोस बदलायला घेतला होता आणि मधेच वीज गेली होती.

नऊला वीज गेली होती का, हे काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर घड्याळ आहे, वीज गेली की त्यात शून्यं लुकलुकतात. चार तारखेनंतर त्यांनी ते एकदा लावलं, तेव्हापासून बरोबर चालू आहे. बाई हुशार होत्या. मी मनात म्हटलं, चला, अर्धं काम यांनीच केलं. वीज गेली नव्हती. प्लग उपटला होता.

डिस्क ट्रेमध्ये काहीतरी खडखडत होतं. टाचणीने ट्रे उघडला, तर आत एक सीडी. तिच्यावर मार्करने लिहिलेलं, 'गजर गेला तर ही लाव.' काकूंनी ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. अक्षर यजमानांचं होतं. सीडी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मग बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढला. यंत्र बंद असताना आतलं घड्याळ आणि गजर त्याच्यावर जगतात. सेल कोरा करकरीत होता. त्याच्या पाठीवर सुईने तारीख कोरलेली, नऊ, खाली महिना, आणि त्याखाली ओळीने तीन ठिपके.

काकूंनी माझ्या हातातला सेल चष्म्याजवळ नेला.

"ही खूण त्यांची आहे," त्या म्हणाल्या. "सेल बदलला की ते अशीच तारीख कोरायचे. तीन ठिपके. अगं, ही तर कालची तारीख आहे."

३

भूतं सेल बदलत नाहीत. हे मी काकूंना जरा जोरातच सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला सोसेना. भीती नव्हती ती. आशा होती.

त्यांना हवं होतं फक्त ते वाक्य. आणि तिथेच मेख होती. यजमानांनी डिस्कला कुलूप घातलं होतं आणि किल्ली बोर्डाच्या पोटात होती. बोर्ड बदलला की किल्ली गेली. नवा बायोस घातला तरी किल्ली म्हणणार, तुम्ही कोण, मी तुम्हाला ओळखत नाही. पूर्वी होता तोच बायोस, तीच आवृत्ती, जशीच्या तशी परत बसवली तरच कुलूप उघडणार होतं. कॅबिनेटच्या झाकणाला आतून त्या गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं, 'बायोस सात,' तारीख आणि तीन ठिपके. सीडी त्याआधीची, तिच्यात होता बायोस चार. आणि बोर्ड बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली गेलेली. मी दिवसभर शोधलं, सात कुठे मिळाला नाही.

आवाजाची दुसरी प्रत? नाही. एवढ्या मोठ्या घरात एकालाही प्रत काढायचं सुचलं नव्हतं. मला राग आला, पण कुणावर काढणार. माझ्या आईचा आवाज माझ्याकडे कुठे आहे?

गुरुवारी मी काकूंच्या घरी गेले. एका भिंतीची दोन घरं होती ती, मधून विभागलेली. अलीकडे काकू, पलीकडे त्यांची नणंद. टेबलावर यंत्राची जागा रिकामी, धुळीत चौकोन उमटलेला. बाजूला एकच स्पीकर होता आणि तो खोलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. एवढ्या काटेकोर बाईंच्या घरात हे गबाळं काम मला खुपलं, पण तेव्हा मी बोलले नाही.

किल्ल्या किती, विचारलं. एक काकूंकडे, एक समोरच्या मास्तरांकडे, झाडांना पाणी घालायला. तिसरी यजमानांची, ती ते गेल्यापासून सापडली नाही. नणंदेकडे असेल का, म्हटलं, तर काकू उठून खिडकी लावायला गेल्या. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही, एवढंच सांगितलं.

कारण मीच खोदून काढलं. सासऱ्यांचं दुखणं शेवटाला आलं, त्या पहाटे काकू एकट्या त्यांच्याजवळ होत्या. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस आहेत. म्हणून भिंतीपलीकडे झोपलेल्या नणंदेला उठवलं नाही. सासरे तासाभरात गेले. नणंद आली, बापाकडे बघितलं, आणि भावजयीला म्हणाली, एक हाक मारली असतीस तर मी तीन मिनिटांत पोचले असते. त्यानंतर एक शब्द नाही.

"तिचं चुकलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "पण मी तरी काय मुद्दाम केलं होतं?"

मुलाला मी तिथूनच फोन लावला. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो वर्षभर मागे लागलेला, आणि आई त्या आवाजाला सोडून हलत नव्हती. म्हणजे कारण सगळ्यात मोठं त्याचंच. मी आडपडदा न ठेवता विचारलं. तो म्हणाला, आठ तारखेच्या सकाळीच तो परत गेला, नऊला दिवसभर कचेरीत होता, हवं तर साहेबांना विचारा. बंद करावंसं वाटलं नव्हतं असं नाही. पण तो आईला रोज सकाळी साडेसहालाच फोन का लावतो, हे आईने कधी विचारलं नाही. मागून बाबांचं वाक्य ऐकू यायचं म्हणून.

मी फोन ठेवला. एक संशयित कमी झाला.

४

मास्तर शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिकवणं थांबलेलं नाही, मला जिन्यातच बायोस म्हणजे काय ते समजावायला लागले. जगातलं प्रत्येक यंत्र अद्ययावत असलं पाहिजे असं त्यांचं मत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन मागून घेऊन अपडेट करतात. शिवाय किल्ली त्यांच्याकडे. मी म्हटलं, सापडला चोर.

पण नऊ तारखेला काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं कुणी? मास्तरांनीच. दहापासून साडेबारापर्यंत शेजारच्या खुर्चीत बसून नंबर पुकारायची वाट बघत होते, काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले तेव्हा हात धरून होते. आणि मास्तरांनी केलं असतं तर चार नंबरची सीडी कशाला लावली असती? त्यांनी नव्यात नवं शोधलं असतं. माझा दुसरा संशयितही गेला.

जायला निघाले आणि कोपऱ्यात नजर गेली. काकूंकडचा तो कॅबिनेट, तसाच्या तसा, जुळा भाऊ. मास्तर म्हणाले, दोघांनी एकाच दिवशी घेतले होते, बोर्डसुद्धा एकच. काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, दोन्ही एकदमच दुरुस्त केले, एकदमच अपडेट केले. मी न विचारता झाकण काढलं. आतून मार्करने लिहिलेलं, 'बायोस सात,' तारीख, तीन ठिपके.

मला नाचावंसं वाटलं. गुडघे दुखतात म्हणून नाचले नाही.

चिपला चिमटा लावून सात नंबर उतरवून घेताना मी सहज विचारलं, हे ठिपके काय प्रकार आहे? मास्तर म्हणाले, ही खूण काकांची नव्हे, त्यांच्या वडिलांची. घड्याळजी होते ते. उघडलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पाठीत तारीख कोरून तीन ठिपके द्यायचे, म्हणजे मी बघितलं, मी बदललं, मी लावलं. पोरांना तेच शिकवलं.

"पोरांना?" मी म्हटलं.

"दोघांना," मास्तर म्हणाले. "बहीणभाऊ शेजारी शेजारी बसायची वडिलांच्या कामाच्या बाकावर. हात तर बहिणीचाच बरा होता." आणि मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक सीडी काढली. तिच्यावरही तेच, 'गजर गेला तर ही लाव.' काकांनी दोन केल्या होत्या. एक मास्तरांना दिली, एक वडिलांच्या बाकाच्या खणात ठेवली.

तो बाक कुठे आहे, हे मी विचारलं खरं. उत्तर मला माहीत होतं.

५

शुक्रवारी मी भिंतीपलीकडचं दार वाजवलं. आत्या, म्हणजे काकूंची नणंद, बारीक चणीच्या, कपाळावर भिंग सरकवलेल्या. बाक खिडकीशी होता, वर कुणाचंतरी मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं. आणि बाकाजवळची एकुलती एक खुर्ची मधल्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली.

पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काय होतं? तीन ठिपके. त्यावर कुणी कबूल होत नाही, आणि या बाईंनी तर अकरा वर्षं गप्प राहून दाखवलेलं. म्हणून मी काही विचारलंच नाही. खुर्चीत बसले आणि माझं रडगाणं लावलं. पलीकडच्या काकूंचा कॉम्प्युटर दुरुस्त करतेय, बायोस मिळाला, पण सकाळचा गजर पुसला गेलाय, तो परत लावायला हवा. काकू म्हणतात साडेसहा. तर उद्या यंत्र साडेसहाला चालू होईल असं लावून टाकते.

आत्यांनी चिमटा खाली ठेवला.

"साडेसहाला लावलंस तर आवाज उशिरा येईल," त्या म्हणाल्या. "यंत्र सहा सत्तावीसला उठायचं. बारीक शीळ घालायचं. उठायला त्याला तीन मिनिटं लागायची. आवाज साडेसहाला."

त्यांनाही कळलं आपण काय बोललो ते.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. भाऊ गेल्यापासून रोज सहा सत्तावीसला त्या या खुर्चीत येऊन बसायच्या. भिंतीला कान लावायच्या. वाक्य भावजयीसाठी होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण आवाज भावाचा होता. चोरून ऐकायचा, मग दिवसाचं काम सुरू करायचं. पाच तारखेला शीळ आली नाही, तेव्हा त्यांना वाटलं भाऊ दुसऱ्यांदा गेला. चार दिवस काढले. मग काकू मास्तरांबरोबर निघालेल्या दिसल्या. भावाने शेवटी शेवटी आपली किल्ली बहिणीच्या हातात ठेवली होती, लागली तर असू दे म्हणून. ती घेतली, बाकाच्या खणातली सीडी घेतली, आणि मागच्या दाराने आत गेल्या.

संपलेला सेल बदलला. सवयीने तारीख कोरली. सीडी लावली, पडद्यावर काहीतरी विचारलं, हो म्हटलं, आणि एक पट्टी भरायला लागली. बंद करू नका, असं लिहिलेलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं.

"मग प्लग का उपटलात?" मी विचारलं. "दहा मिनिटं थांबायचं."

त्या बापाच्या बाकाकडे बघत होत्या. इथे पहिला धडा तोच होता, म्हणाल्या. गडबड झाली, हात चुकतोय असं वाटलं, की आधी घड्याळ थांबव. थांबलेल्या घड्याळाचं काही बिघडत नाही, पुन्हा चावी दिली की चालतं. त्यांना वाटलं, हेही तसंच. प्लग काढला, परत लावून ठेवला, मागच्या दाराने पळाल्या. दुसऱ्या दिवशी काकूंना गाठोडं बांधून रिक्षात बसताना बघितलं, तेव्हा काय झालं ते कळलं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या पोरीनेच हे करावं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते.

"तिला सांगशील ना?" त्यांनी विचारलं. "माझ्याने नाही होणार."

६

काकूंना मी त्याच दिवशी सांगितलं. बोर्ड पुढ्यात होता. बायोस सातचा मजकूर त्याच्या जागी लिहिला होता. किल्लीचा कोपरा, जिथवर आत्यांचं लिहिणं पोचलंच नव्हतं, तो मूळचा तसाच राहू दिला होता. आता यंत्राने ओळख दिली तर दिली. दोनदा संधी मिळणार नव्हती.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. चिडतील, रडतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, खुर्ची अगदी भिंतीला लावलेली होती का? मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, उद्या सकाळी लवकर ये, आणि यंत्र आमच्याच टेबलावर लाव.

शनिवारी सहाला मी पोचले. आदल्या दिवशी तपासून बघायला हवं होतं, धंद्याची रीत तीच. पण पहिला आवाज माझ्या दुकानात यावा हे मला पटलं नाही, मूर्खपणा म्हणा. सहा सत्तावीसचा गजर लावून ठेवला होता. तारा जोडल्या, धुळीतल्या चौकोनावर कॅबिनेट बरोबर बसवला. आणि मग तो स्पीकर. इतक्या दिवसांचं गबाळं काम नीट करावं म्हणून मी त्याचं तोंड खोलीकडे वळवायला गेले.

काकूंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. तो मीच वळवला होता," त्या म्हणाल्या. "हे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिला नीट ऐकू जावं म्हणून. मला काय, पाठ फिरवलेला असला तरी ऐकू येतो."

चौदा महिने. एक बाई भिंतीला कान लावून चोरी करत होती आणि दुसरी रोज चोरीचा माल तिच्या दाराशी नेऊन ठेवत होती. मी दोघींकडून पैसे घेणार नव्हतेच, आता तर दोघींना दोन रट्टे द्यावेसे वाटले.

सहा सत्तावीसला यंत्राने बारीक शीळ घातली.

पंखे फिरले. पडदा काळा होता. काकू पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या उठल्या, भिंतीशी गेल्या, आणि तळहाताने तीनदा थाप मारली.

"वन्सं," त्यांनी मोठ्याने हाक मारली. "अहो वन्सं, या लवकर. इकडे या."

पलीकडे काहीतरी पडलं. खुर्ची असावी. मग दार, मग अंगण, मग फाटक. इकडे पडद्यावर कुलपाची खूण आली आणि तिथेच अडली. आत्या दारात आल्या त्या अनवाणी, भिंग कपाळावर तसंच. काकूंनी त्यांचा हात धरून आपल्याजवळ बसवलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या.

कुलूप सुटलं. काकूंनी हात लांब करून स्पीकर भिंतीकडून खोलीकडे फिरवला. साडेसहा वाजले.

"उठलीस का गं?" तो माणूस म्हणाला. अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं तसं, जरा खोकत. "पाणी ठेव. मी आलोच."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या भावजयीशी बोलल्या, आणि म्हणाल्या, तो खोकतो हे भिंतीतून कधी ऐकू आलं नव्हतं. काकू म्हणाल्या, हो, खोकतात. उद्याही खोकतील.

मी तेवढ्यात त्या वाक्याच्या तीन प्रती काढल्या, एक मुलासाठी. पुढ्यातल्या फोनची रिंग वाजली, मुलाचाच होता. काकूंनी फोन उचलून आत्यांच्या हातात दिला, बोला म्हणून, आणि स्वतः स्वयंपाकघरात पाणी ठेवायला गेल्या.